जुलैमध्ये जीएसटी, टीडीएस, आयटीआर एकदम अंगावर येतात: कामाचा क्रम कसा लावायचा आणि फोन कसे आवरायचे?

हळदपेठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं करसल्लागाराचं छोटं ऑफिस, सांगली जिल्हा. मी, एक पूर्णवेळ सहायक आणि दुपारी २ ते ६ येणाऱ्या एक ताई, एवढाच कारभार. जीएसटीच्या पार्ट्या (म्हणजे आमचे अशील) ९०. त्यातल्या ३५ मासिक, ५५ तिमाही. हळदीचे व्यापारी, कृषी सेवा केंद्रं, किराणा, सरकारी कामं घेणारे कंत्राटदार, ट्रकवाले असा मेळ आहे. टीडीएस (पैसे देतानाच कर) कापणाऱ्या १४. पगारदार आणि पेन्शनरांचे आयटीआर साधारण १८०.

काम येत नाही असं नाही. पण दिवसाला ६०-७० फोन येतात, व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो पडत राहतात आणि जो जोरात बोलतो त्याचं काम आधी होतं. ११ आणि २० तारखेला, म्हणजे रिटर्नच्या मुदतीला, रात्रीचे १२ वाजतात. तातडीचं-महत्त्वाचं असे चार चौकोन आखून पाहिले. १८ तारखेला सगळीच कामं पहिल्या चौकोनात जाऊन बसतात, मग चौकोनाचा उपयोग काय?

तीन गोष्टी विचारतो.
१) क्रम नक्की कशावरून लावायचा? ड्यू डेटवरून लावून भागत नाही.
२) फोन बंद ठेवला तर पार्टी समोरच्या ऑफिसात जाते. मग मधला मार्ग काय?
३) २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती हा प्रकार आपल्या कामात कुणी चालवतं का?

---

कीर्द

आधी एक हिशेब करा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळेल. जीएसटीआर-१ ला (विक्रीच्या बिलांचं रिटर्न, मुदत ११ तारीख) सरासरी २५ मिनिटं धरा. ३५ मासिक पार्ट्यांचे ८७५ मिनिटं, म्हणजे साडेचौदा तास. १ ते ११ तारखेत रविवार सोडून नऊ दिवस मिळतात. दोन माणसांनी रोज फक्त तीन तास विनाव्यत्यय दिले तरी ५४ तास होतात. वेळ भरपूर आहे. तरी रात्रीचे १२ का वाजतात? कारण कागद ९ तारखेच्या संध्याकाळी येतात. उरलेल्या दोन दिवसांत दोघांचे मिळून वीस तास हाताशी, त्यातले निम्मे फोनवर.

तिमाहीच्या महिन्यात ५५ पार्ट्यांचे आणखी २३ तास वाढतात (त्यांची मुदत १३ तारखेची). एकूण साडेसदतीस तास. कागद ९ तारखेनंतर आले तर हे गणित कोणत्याही क्रमाने बसणार नाही. म्हणून यादी ड्यू डेटप्रमाणे लावू नका, *काम कुणाकडे अडलंय* त्याप्रमाणे लावा. एक्सेलमध्ये एका पार्टीला एक ओळ. रकाने एवढेच: पार्टी, काम, कागद आल्याची तारीख, नेमकं काय बाकी, कुणाकडे बाकी, अंदाजे मिनिटं. शेवटी स्थितीचं एक अक्षर:

ड – रिटर्न तयार, फक्त ओटीपी किंवा डीएससी (डिजिटल सही) बाकी
अ – कागद पूर्ण, काम आपल्याकडे
ब – एक-दोन शंका, पार्टीकडून उत्तर यायचंय
क – कागदच नाहीत

सकाळी आल्यावर आधी 'क' आणि 'ब' ला मेसेज टाकायचे. दहा मिनिटांचं काम. चेंडू त्यांच्या अंगणात गेला पाहिजे. मग 'अ' उपसायचे, आणि 'ड' एका ठरलेल्या वेळी एकगठ्ठा. बहुतेक ऑफिसात नेमकं उलटं चालतं. 'अ' मधलं काम हातात असताना 'क' वाल्याचा फोन येतो, "आमचं झालं का?", आणि ज्याचे कागदच आलेले नाहीत त्याला समजावण्यात दहा मिनिटं जातात.

आता 'अ' च्या आतला क्रम. इथे एका दिवसाच्या उशिराची किंमत बघायची. ती प्रत्येक कामाला वेगळी आहे आणि वाटते तशी मुळीच नाही.

समजा १ लाख रुपये जीएसटी भरायचा आहे आणि ३बी (कर भरायचं रिटर्न, मुदत २० तारीख) एक दिवस उशिरा गेला. वर्षाला १८ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज ४९ रुपये, वर लेट फी ५०. शंभराच्या आत भागलं.

आता १ लाख रुपये टीडीएस, जूनमध्ये कापलेला. ७ जुलैऐवजी ८ जुलैला भरला. व्याज महिन्याला दीड टक्का, महिन्याचा तुकडा म्हणजे पूर्ण महिना, आणि मोजणी कापल्याच्या तारखेपासून. जून एक, जुलै दोन. म्हणजे ३ टक्के, ३००० रुपये. एका दिवसाचे!

रक्कम सारखी, दिवस सारखा आणि फरक तीसपट. तरी २० तारखेला ऑफिसात लग्नघर असतं आणि ७ तारीख "चलनच तर आहे, टाकू संध्याकाळी" अशी जाते. १४ पार्ट्यांची टीडीएस चलनं ५ तारखेपर्यंत संपवा. त्याआधी दुसरं मोठं काम नको.

जीएसटीआर-१ मध्येही सगळे सारखे नाहीत. ज्याची विक्री दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला आहे तो आधी, म्हणजे तुमचे हळदवाले. त्यांची बिलं ११ च्या आत चढली नाहीत तर खरेदीदाराच्या १४ तारखेच्या २बी मध्ये (पोर्टलवर येणारा खरेदीचा तक्ता) दिसत नाहीत, त्याचं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) महिनाभर पुढे जातं आणि तो कराची रक्कम धरून ठेवून बाकीचे पैसे देतो. म्हणजे तुमच्या आळसाची किंमत पार्टीच्या वसुलीतून जाते. किरकोळ किराणावाल्याची विक्री थेट गिऱ्हाइकाला, क्रेडिट कुणाचंच अडत नाही. तो ११ ला दुपारी गेला तरी चालतो.

---

वटाव

कीर्द यांनी यादीचं सांगितलं, मी फोनचं सांगतो.

फोन बंद ठेवू नका. फोनची *वेळ* ठेवा आणि ती दाराबाहेर, लेटरहेडवर, व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलवर लिहा. सकाळी १० ते १ काम, फोन नाही. १ ते २ आणि ५ ते ७ फोन. पार्टीला राग फोन न उचलल्याचा कमी येतो. कधी उचलणार हे माहीत नसलं की जास्त येतो.

आता यंत्रणा.

दोन नंबर करा. एक कागद घेण्याचा, त्यावर फक्त व्हॉट्सॲप बिझनेस. तो सिम असलेला फोन ताईंच्या टेबलावर. दुसरा बोलण्याचा. पार्टीने तुमच्या खाजगी नंबरवर बिलं पाठवली तर उत्तर एकच: "कृपया ऑफिसच्या नंबरवर पाठवा." आणि तिथून स्वतः फॉरवर्ड करायचं नाही. पहिल्यांदा केलंत की आयुष्यभर करावं लागतं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं लावता येतात. वर सांगितलेली अ-ब-क-ड हीच चार लेबलं करा. झटपट उत्तरंही साठवता येतात. चार मजकूर पुरतात: "कागद मिळाले"; "यातलं अमुक बाकी आहे"; "रिटर्न तयार आहे, ओटीपी अमुक वाजता घेऊ"; "रिटर्न भरलं, पावती सोबत". चौथा सगळ्यात कामाचा. निम्मे फोन "झालं का?" एवढंच विचारायला येतात. भरल्या भरल्या पावतीची पीडीएफ गेली की ते बंद होतात. फक्त पीडीएफ हाती आल्याशिवाय "झालं" लिहू नका. सबमिट होतं, सही राहून जाते आणि मग लेट फीच्या नावाने भांडण.

कामाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवायचं नाही. टॅबवर आकडा वाढताना दिसला की हात आपोआप जातो. बिलांचे फोटो उतरवायचं काम दिवसातून दोनदा, १२.४५ ला सहायकाने आणि ४.३० ला ताईंनी, एकगठ्ठा करायचं. पार्टीच्या नावाने फोल्डर, आत महिन्याचं फोल्डर. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांमध्ये बँक स्टेटमेंट शोधत बसाल.

अँड्रॉइडवर 'डू नॉट डिस्टर्ब' मध्ये एक सोय आहे: १५ मिनिटांत त्याच माणसाने दुसऱ्यांदा फोन केला तर वाजतो. घरच्या अडीअडचणीसाठी चांगली. पण पार्ट्यांना हे आठवड्यात कळतं आणि सगळेच दोनदा लावायला लागतात! त्यापेक्षा ती बंद ठेवा आणि घरचे चार नंबर अपवादात टाका.

२५ मिनिटांचा प्रयोग आपल्याकडे अर्धाच चालतो. जीएसटी पोर्टलला थोडा वेळ हात लावला नाही की बाहेर काढतं. विश्रांतीहून आलात की पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा. इथे वेळेचं माप घड्याळाने घेऊ नका, पार्टीने घ्या. एक पार्टी संपली की उठायचं.

---

हळदपेठ

कीर्द, ३००० विरुद्ध ९९ हे कधी असं शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं. उद्या सकाळी पहिलं काम चलनं.

दोन शंका राहिल्या. सहायकाला मध्येच उठावं लागलं की पुन्हा बसल्यावर तो पहिल्यापासून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) तपासत बसतो. आणि ओटीपी! रिटर्न तयार असतं, मालक शेतात किंवा गाडीवर, ओटीपी मिळेपर्यंत तो बाद झालेला. याला काही उपाय?

---

दुपारपाळी

दोन्ही शंका सहायकाच्या खुर्चीतल्या आहेत, म्हणून उत्तर देते.

मध्येच उठणं. उठण्याआधी वीस सेकंदांत एक चिठ्ठी लिहायची. "टॅली चालू" असं लिहिलं तर ती फुकट गेली. लिहायचं असं: "बँक एंट्री २३ जूनपर्यंत झाल्या. २४ चा पहिला डेबिट ४२,००० कुणाचा, विचारायचं. पुढे: खरेदी २बी शी जुळवणे." म्हणजे कुठवर झालं, कशावर अडलं आणि पुढचं पाऊल कोणतं. चिठ्ठी फाइलीला लावायची, मॉनिटरला नाही. मॉनिटरवर दहा चिठ्ठ्या झाल्या की एकही वाचली जात नाही.

शंका आली की लगेच पार्टीला फोन करायचा नाही. ती रक्कम सस्पेन्सला (खुलासा न झालेल्या रकमांच्या खात्याला) टाका, शंकांच्या वहीत एक ओळ लिहा आणि पुढे चला. पूर्ण महिना टाकून झाला की सगळ्या शंका एका मेसेजमध्ये, क्रमांक घालून. पार्टीही "१ भाडं, २ घरखर्च, ३ मुलाची फी" असं एकदम उत्तर देते. सहा शंकांचे सहा फोन केलेत तर चौथ्याला ती उचलत नाही. सस्पेन्स मात्र रिटर्नआधी शून्य झालाच पाहिजे. तिथे राहिलेली रक्कम हमखास विक्रीची निघते.

२बी शी खरेदी जुळवणं १४ तारखेच्या आधी करू नका. १० ला जुळवलं की १४ ला पुन्हा तेच. आधी फक्त खरेदी टॅलीत चढवून ठेवा. १४ नंतर आयएमएसमध्ये (आलेली बिलं तपासायची पोर्टलवरची सोय) एखादं बिल नाकारलं किंवा स्वीकारलं तर २बी पुन्हा काढायचं बटण दाबावं लागतं. ते राहिलं की ३बी मध्ये जुनेच आकडे येतात आणि चूक शोधण्यात दुपार जाते.

कंत्राटदारांचं एक छोटं काम चलनाआधी करा. सरकारी खात्याने जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापलेला असतो. तो पोर्टलवर स्वीकारला की कॅश लेजरमध्ये (पार्टीच्या पोर्टलवरच्या रोख खात्यात) जमा होतो आणि भरायची रक्कम तेवढी कमी होते. दोन मिनिटांचं काम. विसरलात तर पार्टी जास्तीचे पैसे भरते आणि पुढचा महिनाभर त्यावरून फोन करते.

ओटीपी. एकेकाचा घेत बसू नका. रिटर्न फाइल करण्याच्या बटणापर्यंत आणून ठेवा. असे आठ-दहा जमले की ओटीपीची वेळ ठरवा. शेतकऱ्याशी जोडलेल्या धंद्यांना सकाळी ८.३० ते ९.३० किंवा संध्याकाळी ७ नंतर, दुकानदारांना दुपारी २ ते ४. सकाळी मेसेज टाका: "आज ३ वाजता ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा." फोन लावा, पार्टी लाइनवर असतानाच बटण दाबा, आकडा तिथल्या तिथे ऐकून घ्या. आधी बटण दाबून मग माणूस शोधायचा ही उलटी पद्धत झाली. आठ रिटर्नं तासाभरात निघतात.

जे मालक कायम फिरतीवर असतात त्यांना डीएससी घ्यायला सांगा. प्रोप्रायटरलाही ती चालते. महिन्याच्या १ तारखेला सगळ्या डीएससींची मुदत तपासा. २० तारखेला संपलेली टोकन हातात येणं ही फार वाईट गोष्ट. आणि एमसाइनर (डीएससीने सही करायचं सॉफ्टवेअर) सकाळीच चालू करून एक चाचणी सही करून घ्या. विंडोजने रात्री अपडेट केलं की तो पुष्कळदा रुसतो.

काही ऑफिसं पार्टीच्या नोंदणीवर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतात, ओटीपीची कटकट नको म्हणून. तसं करू नका. नोटिसांचे मेसेजही तुमच्याकडेच येतात, आणि एखादा नजरेतून सुटला की जबाबदारी तुमच्या गळ्यात.

---

तेरीज

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त १० ते १ फोन नाही हे बारमाही चालवू नका. पोर्टल बंद पडलं किंवा बँकेचं चलन अडकलं की तेवढ्यात बोलावंच लागतं. ११, २० आणि ३१ जुलैला ताईंना सकाळीच बोलवा आणि फोन त्यांनी उचलावा. उत्तर द्यायचं नाही, फक्त नाव आणि काम लिहून घ्यायचं.

पण मूळ प्रश्न जुलैचा आहे. जुलै हा जीएसटीचा महिना, आयटीआर जूनमध्येच उरकायचे. १८० आयटीआर गुणिले २० मिनिटं म्हणजे ६० तास. जुलैच्या १ ते २२ तारखांवर आधीच काय काय बसलंय बघा: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १३ ला तिमाहीचं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, १८ ला कंपोझिशनवाल्यांचं (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्यांचं) सीएमपी-०८, २० ला ३बी, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात तिमाही ३बी २२ ला. ३१ ला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न, त्याला दिवसाला २०० रुपये. ६० तासांना जागाच नाही.

मग एप्रिल-मेमध्येच का नाही? कारण शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची मुदत ३१ मे. ते झाल्यावर २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) भरतं, आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) द्यायची मुदत १५ जून. मेमध्ये भरलेल्या आयटीआरमध्ये हमखास काहीतरी कमी दिसतं आणि तोच माणूस पुन्हा दारात येतो. म्हणून १५ ते ३० जून. रविवार सोडून चौदा दिवस, दोघांचे रोज दोन तास, ५६ तास. जवळजवळ सगळं बसतं. यंदा तो काळ गेलाय, तेव्हा २३ ते ३१ जुलैच्या आठ दिवसांसाठी क्रम लावा:

पहिले, ज्यांना शेअरमध्ये तोटा आहे ते. मुदतीत रिटर्न गेलं नाही तर तो तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. ५००० ची लेट फी (५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १०००) दिसते, म्हणून लोक तिलाच घाबरतात. तीन लाखांचा तोटा बुडाला तर ते नुकसान कुठल्या पावतीवर छापलेलं नसतं.

दुसरे, दोन फॉर्म १६ वाले, म्हणजे वर्षात नोकरी बदललेले. दोन्ही मालकांनी मूळ सवलत पूर्ण धरलेली असते, कर भरायचा निघतो आणि माणूस पैसे जमवायला दोन दिवस मागतो.

साधे पेन्शनर शेवटी, आणि ते सहायकाने करायचे. त्यांना समोर बसवूनच आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय झालं नाही तर मुदतीत भरून उपयोग नाही. आधारला मोबाइल जोडलेला नसलेले आजोबा २९ जुलैला सापडतात, म्हणून हे फोनवरच विचारून घ्या.

आणखी एक, जे यादीत कुणीच लिहीत नाही. नोटिसा. त्या आरडाओरड करत नाहीत म्हणून मागे राहतात. नोंदणी रद्द का करू नये या नोटिशीला ७ कामाचे दिवस असतात. जीएसटीआर-१ आणि ३बी मधल्या फरकाची डीआरसी-०१बी आली तर ७ दिवस, उत्तर गेलं नाही तर पुढचा जीएसटीआर-१ अडतो. म्हणजे ११ तारखेला बसलात आणि पोर्टल म्हणतं, आधी ते करा. सोमवारी आणि गुरुवारी, फोन सुरू व्हायच्या आत, अर्धा तास पोर्टल बघण्याचा. नोटिसा आणि आदेशांचा टॅब वेगळा, जादा नोटिसांचा वेगळा. दोन्ही उघडा. एकच उघडणारे फार आहेत.

---

कीर्द

तेरीज, जूनचं मान्य. निलवाल्यांचं (ज्यांचं रिटर्न कोरंच जातं त्यांचं) राहिलं, ते जोडतो.

निल रिटर्नं १ ते ३ तारखेतच संपवा. १४४०९ वर एसएमएस करूनही जातात, नोंदणीकृत मोबाइलवरून. दहा पार्ट्या पहिल्या तीन दिवसांत यादीतून उडाल्या की डोकं हलकं होतं.

पण "विक्री नाही" म्हणजे "निल" नाही. कृषी सेवा केंद्राने जूनमध्ये काहीच विकलं नसेल पण खतं घेतली असतील, तर ३बी मध्ये क्रेडिट घ्यायचंय, म्हणजे १४ पर्यंत थांबायचं. हळदवाल्याने ट्रकभाडं दिलं असेल तर उलट आकारणीचा (सेवा घेणाऱ्यानेच भरायचा) कर असू शकतो. घाईत निल टाकलं तर ३बी दुरुस्त करता येत नाही, पुढच्या महिन्यात निस्तरावं लागतं. म्हणून निलवाल्यांना विचारायचे प्रश्न दोन: विक्री झाली का, आणि *खरेदी किंवा भाडं दिलं का*. दुसरा कुणी विचारत नाही.

---

हळदपेठ

सगळं उतरवून घेतलं. यादी आजच केली: ड मध्ये ४, अ मध्ये ११, ब मध्ये ९, बाकी ६६ क! म्हणजे तीन चतुर्थांश काम आमच्याकडे नाहीच, आणि आम्ही मात्र धावतोय.

शेवटचा प्रश्न. कागद ५ तारखेपर्यंत द्या असं सांगूनही १९ ला संध्याकाळी पिशवी घेऊन येणारे पाच-सहा जण आहेत. जुनी माणसं, नाही म्हणता येत नाही. ते आले की ठरलेला सगळा क्रम कोसळतो. त्यांचं काय करता?

---

वटाव

नाही म्हणू नका. "आज पैसे भरू, रिटर्न २३ ला" असं म्हणा. रांगेत घुसवायचं मात्र नाही. १९ ला आलेली पिशवी हाती घेतलीत तर १० ला कागद दिलेला माणूस मागे पडतो, आणि पुढच्या महिन्यात तोही १९ लाच येतो. वेळेवर येण्याचा काहीच फायदा नाही हे तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

नियम लेखी हवा, आणि तो एप्रिलमध्ये द्यायचा. १९ ला तोंडी सांगितला की तो अपमान वाटतो. मजकूर दोन ओळींचा: ५ पर्यंत कागद आले तर मुदतीत रिटर्न ही ऑफिसची जबाबदारी, नंतर आले तर आलेल्या क्रमाने, लेट फी पार्टीची. उशिराच्या कामाला जादा फी लावायची की नाही ते गाव बघून ठरवा. लावलीत तर सगळ्यांना लावा. पाहुण्यांना सोडलंत की बाजारात दुसऱ्या दिवशी माहीत होतं.

---

तेरीज

त्यात एक सोय आहे, ती वापरा. २०२४ च्या जुलैपासून नियम असा आहे की देय तारखेपर्यंत रक्कम कॅश लेजरमध्ये जमा असेल आणि रिटर्न भरेपर्यंत तिथेच राहिली असेल, तर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. म्हणून पिशवीवाला आला की हिशेब करत बसू नका. विक्रीची बिलं तेवढी बेरजेला घ्या, मागच्या महिन्याचं क्रेडिट बघा, अंदाजाने थोडी जास्त रक्कम काढा आणि चलन करून द्या. पंधरा मिनिटं. व्याज वाचलं. राहिली दिवसाची ५० रुपयांची लेट फी, ती दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर एका रिटर्नला २००० च्या वर जात नाही. त्याचा जीएसटीआर-१ राहिला असेल तर त्याची लेट फी वेगळी. ३बी त्याआधी जाणारच नाही, हे त्याला तेव्हाच सांगा.

पैसे २० ला रात्री भरू नका. एनईएफटीचं चलन असेल तर रक्कम लेजरला दिसायला वेळ लागतो, आणि तारीख जमा झाल्याची धरतात, तुम्ही पाठवल्याची नाही. नेट बँकिंग असेल तर तिथल्या तिथे. आणि चलन टाकताना रकाना बघा. राज्यातली विक्री असून घाईत सगळी रक्कम आयजीएसटीत (परराज्यातल्या विक्रीच्या कराच्या रकान्यात) गेली, तर ती पीएमटी-०९ फॉर्मने हलवल्याशिवाय सीजीएसटी-एसजीएसटीला वापरता येत नाही. १९ तारखेच्या संध्याकाळी ही चूक सगळ्यात जास्त होते.